अक्का आता कवाबी जाऊ शकती

अण्णा बीदरला मॅट्रिकची तयारी करत होता, तेव्हा त्याच्या भाकऱ्या थापायला म्हणून मी त्याच्याबरोबर राहत होते. आमचं गाव चिंताकी. तिथं अप्पांचं किराण्याचं दुकान आणि थोडी शेती. माझं लग्न झालं होतं, पण नांदायला जायला अवकाश होता, म्हणून अप्पांनी मला पाठवलं. चौबारा बुरुजाच्या मागच्या गल्लीत एका कासाराच्या घरी आम्हाला एक खोली मिळाली होती.

अण्णा हुशार होता. फारसी त्याला पाठ, हिशेब तोंडी. फक्त इंग्रजी अडत होतं आणि त्या एका विषयानं त्याला दोनदा नापास केलं होतं. निजामाचं राज्य, त्यामुळं आमच्याकडं सगळी शाळा उर्दूत. इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच शिकवायचे. त्याचे इंग्रजीचे मास्तर म्हातारे होते, काळी शेरवानी घालायचे, मुलांना ‘आप’ म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की मोठमोठे शब्द पाठ करून इंग्रजी येत नाही. छोटी क्रियापदं नीट कळली की भाषा कळली. म्हणून ते एकेक क्रियापद घेऊन त्याचे सगळे अर्थ लिहून देत.

त्या थंडीत त्यांनी ‘गो’ घेतलं होतं. अण्णा संध्याकाळी चुलीपाशी बसून घोकायचा आणि माझ्याशी वाद घातल्यासारखा बोलायचा. दूध गो होतं म्हणजे नासतं. कुत्रं गो होतं म्हणजे पिसाळतं. घड्याळ गो होतं म्हणजे चालतं. दिवा गो होतो म्हणजे विझतो. हुमनाबादची वाट गो होते ती मात्र आपल्यासारखीच, हुमनाबादला जाते. उपाशी राहणं तेही गो, बोलत राहणं तेही गो. तो वैतागून म्हणायचा, हे लोक एका बैलाला दहा नांगरांना जुंपतात. आपल्याकडं कसं, दुधाला नासणं, कुत्र्याला पिसाळणं, ज्याला त्याला आपापला शब्द. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं. वर्ग सुटताना मास्तर रोज एकच वाक्य म्हणत, तेही अण्णा मला म्हणून दाखवायचा. जेवण झालं, की ताट सरकवून मास्तरांच्या आवाजात म्हणायचा, “यू मे गो.” म्हणजे आता जायला मोकळीक आहे. मग मी भांडी घेऊन उठायची.

आमची मोठी बहीण, अक्का, मंठाळला दिली होती. लहानपणी तिचे सांधे धरायचे, ताप यायचा आणि आपोआप बरा व्हायचा. लग्नानंतर काही वर्षांनी तिला धाप लागायला लागली. आडावरून घागर आणली, की उंबऱ्यावर बसायची. पायांवर सूज यायची. सासूला वाटायचं, कामाचा कंटाळा. मूलबाळ नव्हतं, त्याचंही बोलणं होतंच. शेवटी त्यांनी तिला चिंताकीला आणून सोडलं आणि बरी झाली की पाठवा, असं सांगितलं. जाता जाता सासऱ्यानं अप्पांना हेही ऐकवलं, की घरात बाईमाणूस नसून चालत नाही, आम्हालाही काहीतरी बघावं लागेल. म्हणजे काय ते अप्पांना कळलं आणि आत उभ्या असलेल्या अक्कालाही कळलं.

वैद्य झाले, हकीम झाले. मग अण्णानंच अप्पांना सांगितलं, की बीदरला मिशनचा दवाखाना आहे, तिथं गोऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, अक्काला घेऊन या. अप्पा घेऊन आले. बाई उंच होत्या, भराभर चालायच्या. त्यांनी अक्काच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि तिला ठेवून घेतलं. सकाळ-संध्याकाळ मी डबा न्यायची. मीठ बिलकुल घालायचं नाही, अशी ताकीद होती. अळणी भाकरी, अळणी वरण. अक्का मुकाट्यानं खायची. बाईंना आमच्या भाषा फार येत नव्हत्या. रोज येऊन त्या “नोवु?” असा एक कानडी शब्द विचारायच्या, दुखतं का म्हणून, आणि अक्का मान हलवून “इल्ला”, नाही, म्हणायची. बाकीचं सगळं तिथली नर्स सांगायची. ती आमच्याच मुलखातली, ख्रिस्ती झालेल्या घरातली होती. कानडी, दखनी, तेलुगू आणि बाईंचं इंग्रजी, सगळं तिला यायचं.

पडून राहून आणि औषधानं अक्काची सूज उतरली. चेहरा लहान झाला, पूर्वीसारखा दिसायला लागला. एक दिवस तिनं माझी वेणी घातली. मला वाटलं, झाली बरी.

अप्पा गावाहून आले त्या दिवशी नर्स नव्हती. जहीराबादकडं भावाच्या लग्नाला गेली होती. बाईंना अप्पांशी बोलायचं होतं आणि मधे कुणी नव्हतं. तेव्हा अण्णा पुढं झाला आणि इंग्रजीत म्हणाला, की मला थोडं येतं. बाईंना बरं वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. दवाखान्याच्या ओसरीवर, खांबापाशी, त्या सावकाश एकेक शब्द सुटा करून बोलल्या. अण्णा मान डोलवत होता. मी आणि अप्पा त्याच्या तोंडाकडं बघत होतो. इतक्या वर्षांचा खर्च, दोनदा नापास झालेलं पोर, आणि आज ते गोऱ्या बाईशी बोलत होतं. अप्पांनी पटका सारखा केला.

“काय म्हणायल्यात?” अप्पांनी विचारलं.

“अक्का आता कवाबी जाऊ शकती, म्हणायल्यात,” अण्णा म्हणाला. “घरी न्या. काय पाहिजे ते खाऊ द्या. मिठाचं पथ्य न्हाई आता.”

अप्पांनी तिथंच बाईंना हात जोडले. ते हसत होते. बाई जराशा चमकल्यासारख्या वाटल्या, मला ते आजही दिसतं. त्या अप्पांकडं बघत राहिल्या, मग अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या. परत आल्या त्या एक घोंगडी घेऊन. थंडीचे दिवस आहेत, गाडीत पांघरायला द्या, मागाहून परत आणा, असं त्यांनी सांगितलं. तेवढं अण्णाला न अडता समजलं.

त्या संध्याकाळी आमच्या खोलीवर अक्काला काय खायचं ते विचारलं. ती म्हणाली, ठेचा. मी हिरव्या मिरच्या भाजून, लसूण आणि भरपूर मीठ घालून ठेचा केला. अक्कानं तो जोंधळ्याच्या गरम भाकरीवर घेऊन खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खात होती. अण्णा तिच्यासमोर बसून बाईंची नक्कल करत होता, त्या कशा बोलतात, ओठ कसे करतात. अक्का इतकी हसली की तिला धाप लागली. धाप लागली तेव्हा आम्ही थोडे थांबलो, मग परत हसलो.

चिंताकीला नेल्यावर खरा प्रश्न आला. अव्वा, आमची आई, म्हणत होती की महिनाभर तरी पोरीला ठेवून घ्या. पण अक्काच ऐकेना. तिला मंठाळला जायचं होतं. तिकडं दुसरी बघायला लागले आहेत, असं कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं होतं. अप्पा दोन्हीकडं बघत होते. बीदरहून अण्णा सुट्टीला आला तेव्हा अप्पांनी त्यालाच विचारलं, की बाई नक्की काय म्हणाल्या होत्या. अण्णानं परत तेच सांगितलं. बाईंची हरकत नाही, कधीही जाऊ दे म्हणाल्या. मग अव्वाचं काही चाललं नाही. अप्पांनी मंठाळला निरोप धाडला, की मुलगी बरी झाली, आणून सोडतो. हुमनाबादपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं अप्पा तिला सोडून आले. दवाखान्याची घोंगडी तिच्या अंगावर होती. येताना परत आण, असं अप्पांनी तिला सांगितलं, पण घोंगडी घेऊन यायला ती आलीच नाही.

मंठाळच्या लोकांना तरी काय बोल लावायचा? सून बरी झाली, असंच त्यांना कळलं होतं. बरी झालेली सून सकाळी आडावर जाते. एक दिवस पाणी शेंदता शेंदता तिनं दोर सोडला आणि आडाच्या कठड्याला टेकून बसली. शेजारच्या बायांना वाटलं, दम खाते आहे. त्यांनी आपापल्या घागरी भरल्या. एकीनं तिची घागरही भरून दिली आणि हाक मारली, तेव्हा कळलं.

आम्हाला बीदरला निरोप मिळाला आणि आम्ही मंठाळला पोचलो तोपर्यंत जंगम येऊन विधी करून गेले होते, माती देऊन झाली होती. घरात गर्दी होती. अव्वा कोपऱ्यात बसून होती, रडत नव्हती. सासूनं घोंगडी घडी करून अप्पांच्या हातात दिली. मिशनवाल्यांची वस्तू आहे, त्यांना पोचती करा, म्हणाली. सासू वाईट बाई नव्हती. 

दिवसकार्य उरकल्यावर अप्पा ती घोंगडी घेऊन आमच्याबरोबर बीदरला आले. त्यांच्या मनात राग होता. वाटेत एकदाच ते बोलले, की बरी झाली म्हणून सोडली आणि पोर गेली, हे कसलं डॉक्टर. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. नर्स परत आली होती. तिनं घोंगडी बघितली, आमची तोंडं बघितली आणि हळू आवाजात विचारलं, “कित्ते दिन रही बिचारी?”

अप्पांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, कसले दिवस, तुम्हीच तर बरी झाली म्हणून सोडलंत. आता नर्सला कळेना. ती आत जाऊन बाईंना घेऊन आली. दोघी इंग्रजीत बोलल्या. मग नर्सनं अप्पांना दखनीत सांगितलं, की काळीज पार खराब झालं होतं, औषधानं थोडा आराम पडला एवढंच. “मेमसाब बोले थे ना, ये किसी भी वक्त जाती करके. उसीच वास्ते घर को ले जाव बोले. खाने दो, जो मांगे वो.”

अण्णा पुढं झाला. तो बाईंना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला वाटतं, त्या दिवशी काय म्हणालात ते परत म्हणा, असं असावं. बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, तसंच सावकाश, एकेक शब्द सुटा करून. “शी मे गो एनी टाइम.” नंतर अण्णानं ते वाक्य इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं, की इंग्रजी न येणाऱ्या मलाही ते येतं.

तो ओसरीच्या पायरीवर बसला. बाईंनाही आता सगळं समजलं असावं. त्या नर्सशी काहीतरी बोलल्या, पण नर्सनं ते आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिनं आपल्या मनानं एवढंच सांगितलं, की घरी ठेवली असती तरी ती गेलीच असती, चार दिवस इकडं की तिकडं.

अप्पा घोंगडी हातात तशीच धरून उभे होते. अण्णावर ते चिडतील असं मला वाटत होतं. ते चिडले नाहीत. ते फक्त म्हणाले, “आपल्यातबी तसंच म्हणत्यात की. म्हातारी गेली, लेकरू गेलं, असंच की न्हाई? कानडीतबी होदरू, गेले, असंच म्हणत्यात. मग आपल्याला कामून कळलं न्हाई?”

ते अण्णाला विचारत नव्हते. मला वाटतं, ते कुणालाच विचारत नव्हते. अण्णानं तर शब्दाला शब्द लावूनच सांगितलं होतं. कवाबी जाऊ शकती. मराठीतही त्याचा तोच अर्थ निघत होता. आम्ही तिघं तिथं उभे होतो आणि तिघांनाही दुसराच ऐकू आला.

नर्सचं बोलणं खरं असेल. पण अण्णाला त्याचा काही उपयोग नव्हता. घरी असती तर अव्वाच्या मांडीवर गेली असती, असं तो म्हणायचा. ओझं उचलताना गेली नसती. 

तो शाळेत जाईनासा झाला. एक दिवस ते म्हातारे मास्तर आमची खोली शोधत आले. मी त्यांना बसायला चटई टाकली. परीक्षा जवळ आली आहे, असं त्यांनी अण्णाला सांगितलं. अण्णानं त्यांना एकच विचारलं, की ‘गो’चा अर्थ मरणं असाही होतो का. मास्तर मग म्हणाले, होतो. पण तो अर्थ मी मुलांना देत नाही. “इम्तिहान में नहीं पूछते, बेटा.” काय झालं ते अण्णानं त्यांना सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. पण काहीतरी वाईट आहे हे त्यांना समजलं असावं. ते चटईवरून उठले तेव्हा भिंतीचा आधार घेऊन उठले.

आम्ही खोली सोडली आणि चिंताकीला आलो. दवाखान्यात जे कळलं ते अव्वाला सांगू नका, असं अप्पांनी आम्हाला बजावलं होतं. आता सांगून काय फायदा, म्हणाले. पण अण्णाला ते पोटात ठेवता आलं नाही. एका दुपारी अव्वा जोंधळे पाखडत होती, तेव्हा त्यानं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मी तिथंच होते. अव्वानं सूप थांबवलं नाही. त्याचं बोलून झालं, तरी ती पाखडत राहिली. मग म्हणाली, “मी ठेवून घ्या म्हणले होते.” एवढंच.

त्या रात्रीपासून तिनं अण्णाला वाढणं सोडलं. भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. त्याचं ताट करायची वेळ आली की मला हाक मारायची आणि स्वतः चुलीकडं तोंड करून बसायची. मी नांदायला गेल्यावर अप्पा त्याचं ताट करायला लागले. पुढं अण्णाचं लग्न झालं, वहिनी आली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. सासूबाई स्वतःच्या मुलाला कधी वाढत नाहीत, हे तिनं मला नवलानं सांगितलं. मी तिला सांगितलं, की तिची सवयच तशी आहे.

मंठाळला त्याच वर्षी दुसरी सून आली. अक्काचा नवरा एकदा आमच्या दुकानावर आला होता, अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी त्याला चहा दिला.

अव्वा आजारी पडली तेव्हा तिला बीदरला न्यावं, असं कुणीही म्हणालं नाही. अण्णा तर नाहीच नाही. वैद्याचा काढा चालू होता. मी माहेरी येऊन राहिले होते. शेवटी शेवटी तिला पाणीही गिळता येत नव्हतं, ओठ ओले करावे लागायचे. एका सकाळी अण्णा तिच्या उशाशी फुलपात्र घेऊन बसला होता. तिनं डोळे उघडले, त्याला बघितलं आणि मला हाक मारली. पाणी, म्हणाली. अण्णानं फुलपात्र माझ्या हातात दिलं आणि उठून जागा करून दिली. मी तिला पाणी पाजलं. तो दाराशी उभा राहून बघत होता. त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत अव्वा गेली. तोंडात शेवटचं पाणी घालायला लोकांनी मुलाला पुढं ढकललं, तेव्हा ते त्यानं घातलं.

नंतर निजामाचं राज्य गेलं. कचेऱ्यांत उर्दूवाले मागं पडले आणि इंग्रजी येणाऱ्यांना विचारायला लागले. आमचे एक चुलते बीदरला कचेरीत होते. अण्णासाठी जागा आहे, मॅट्रिक नसला तरी चालेल, थोडं इंग्रजी आलं तरी बस, असं सांगायला ते मुद्दाम चिंताकीला आले. अण्णा दुकानात गूळ फोडत होता. त्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याला इंग्रजी येत नाही, असं सांगितलं. चुलत्यांना वाटलं, हा लाजतो आहे. ते अप्पांकडं वळले. अप्पा थकले होते, त्यांना आता नीट ऐकूही येत नव्हतं.  मग चुलते माझ्याकडं आले, मी तेव्हा बाळंतपणाला आले होते. तू सांग त्याला, म्हणाले, तुझं ऐकतो तो.

मी दुकानात जाऊन अण्णाजवळ बसले. काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. त्यानंही वर बघितलं नाही. गुळावर माश्या बसत होत्या, तो एका हातानं हाकलत होता आणि दुसऱ्या हातानं फोडत होता. थोड्या वेळानं आत बाळ रडायला लागलं, म्हणून मी उठले.